डफ कोणाचा? शाहीर अमर शेख यांच्या निमित्ताने

'सांस्कृतिक वारसा' आणि 'समाजपरिवर्तन' हे शब्द आपल्या व्यासपीठांवरून इतक्या सहजपणे जोडून उच्चारले जातात की, त्यांचे एकमेकांशी नेमके नाते काय, हे विचारायचे राहूनच जाते. वारसा म्हणजे जुने, आणि परिवर्तन म्हणजे जुन्याला दिलेला धक्का. मग जुन्याच्याच हाताने जुन्याला धक्का द्यायचा कसा? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्हाला सोलापूर जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत एका गरीब मुस्लिम घरात जन्मलेल्या मेहबूब हुसेन पटेल यांनी ते आयुष्यभर गाऊन दाखवले. महाराष्ट्र त्यांना शाहीर अमर शेख या नावाने ओळखतो.

मुस्लिम मराठी साहित्याची पूर्वपरंपरा सांगताना आम्ही श्रीगोंद्याचे शेख महंमद, उत्तर पेशवाईतील शाहीर सगनभाऊ आणि अमर शेख ही नावे एका दमात घेतो. नावे घेऊन झाली की पुढच्या मुद्द्याकडे वळतो. त्यांचे वाचन मात्र करत नाही. ही तक्रार आम्ही इतरांविषयी नव्हे, स्वतःविषयी करत आहोत.

अमर शेख यांना गाणे मिळाले ते आई मुनेरबी यांच्याकडून. जात्यावरच्या ओव्या, लोकगीते, घरात आणि गल्लीत ऐकलेले सूर हीच त्यांची पाठशाळा. पुढे मोटारीवर क्लीनर म्हणून आणि गिरणीत कामगार म्हणून त्यांनी काम केले, बार्शीच्या गिरणी संपात उतरून तुरुंगही भोगला. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला तेव्हा ते १३ वर्षांचे होते. त्याच प्रकरणात 'गझनफर'चे संपादक कुर्बान हुसेन यांना मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांच्यासह १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आली. जिल्ह्याच्या या हवेत वाढलेल्या मुलाला गाणे आणि लढा या वेगळ्या गोष्टी वाटल्या नाहीत, यात नवल नाही.

आचार्य अत्रे यांनी त्यांना महाराष्ट्राचे मायकोव्हस्की म्हटले. गौरव मोठा आहे. पण टीकेच्या दृष्टीने तो आम्हाला अपुरा वाटतो. अमर शेख साम्यवादी होते हे खरेच. परंतु त्यांच्या शब्दाची चाल मॉस्कोची नव्हे, मुनेरबींच्या जात्याची आहे. विचार बाहेरून आला, गळा घरचा होता. म्हणूनच तो विचार अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यापर्यंत पोहोचला.

१९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी 'लाल बावटा कलापथक' उभे केले. या पथकाने वारशाचे काय केले, ते नीट पाहिले पाहिजे. तमाशाची चौकट त्यांनी ठेवली. डफ, तुणतुणे, बतावणी, सवाल-जवाब ठेवले. पण अण्णा भाऊंच्या लोकनाट्यात गणाच्या जागी मायभूमीचे आणि शिवरायांचे वंदन आले, गवळण गळाली. म्हणजे वारसा जसाच्या तसा डोक्यावर घेतला नाही, आणि जुनाट म्हणून फेकलाही नाही. कष्टकऱ्याच्या कामाचे ते ठेवले, उरलेले सोडले. ही निवड हीच खरी निर्मिती होय. संयुक्त महाराष्ट्राच्या आणि गोवामुक्तीच्या लढ्यात हजारोंच्या सभा या पथकातील शाहिरांनी धरून ठेवल्या, त्या या निवडीच्या बळावर.

आता आमच्या घरातला प्रश्न. आमच्यापैकी काहींना पोवाडा 'आपला' वाटत नाही. अफझलखान वधाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतील सर्वांत जुन्यांपैकी एक; तो ज्या आवेशाने आज गायला जातो, त्याने मुस्लिम श्रोता अवघडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. काहींना गाणेबजावणेच मान्य नाही. पण 'शाहीर' हा शब्द अरबी 'शाइर'वरून आला, 'डफ' अरबी 'दफ'वरून आणि 'तमाशा'ही त्याच वाटेने. मराठी लोककलेच्या या घरात आपण पाहुणे नाही, बांधकामात आपला हात आहे. अमर शेख यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचा पोवाडा रचला आणि गायला. कोणाला देशभक्तीचा दाखला देण्यासाठी नव्हे; रयतेच्या बाजूने उभा राहणारा राजा हा रयतेतल्या शाहिराचा हक्काचा विषय आहे म्हणून, असे आम्ही मानतो. त्यांनी हक्काने डफ उचलला, परवानगी मागितली नाही. आजच्या मुस्लिम कलावंताने घ्यायचा धडा हाच आहे.

परंतु आदर म्हणजे आरती नव्हे. 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे संग्रह आज शांतपणे वाचताना आवाजाविना काही रचना उण्या वाटतात. सभेसाठी केलेली पुनरुक्ती कागदावर जड होते. दुसरी उणीव अधिक बोचणारी आहे. त्यांच्या गाजलेल्या गीतांत शेतकरी भेटतो, कामगार भेटतो; मोहल्ला क्वचितच भेटतो. ज्या आईकडून गाणे आले, त्या आईसारख्या स्त्रीचे स्वतःचे दुःख सभेत पोहोचत नाही. वर्गाचा प्रश्न सुटला की बाकीचे सुटेल, ही त्या पिढीची श्रद्धा होती. ती खरी ठरली नाही. त्यांची कन्या मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन १९८४ साली आले, तेव्हा परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या घरांत स्त्रीचे काय होते, हा प्रश्न मराठी वाचकांसमोर उघडा पडला. बापाच्या डफाने जे विचारले नाही, ते मुलीच्या लेखणीने विचारले. आमच्या मते वारसा असाच पुढे जातो, प्रश्न विचारत.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात अमर शेख गेले. त्यानंतर शाहिरी का ओसरली? केवळ आवाज गेला म्हणून नव्हे. संघटित श्रोता गेला. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या, कामगार विखुरला, यंत्रमागाच्या आणि विडीच्या कामात अडकलेल्या माणसांची एकत्र बसून ऐकण्याची जागा राहिली नाही. कला एकटी समाज बदलत नाही. ती बदलू पाहणाऱ्या माणसांना एकत्र ठेवते. माणसेच एकत्र नसतील तर उत्तम पोवाडाही करमणूक होऊन बसतो.

१९९० साली प्रा. फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरातच भरले. मराठी ही आमची भाषा आहे, हे आम्ही तेथे ठामपणे सांगितले. त्यानंतर कथा, कविता, गझल, वैचारिक लेखन झाले. परंतु आमच्या आयाबहिणींच्या ओव्या, मोहरममध्ये मराठीतून गायिली जाणारी करबलची गाणी, सवारी-ताबुतांभोवतीचे सूर यांच्याकडे आम्ही लिहित्या लोकांनी पाठच फिरवली. पुण्यात अमर शेख यांच्या नावाचा चौक आहे, मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. आम्ही मात्र त्यांच्या आईच्या जात्यापाशी अजून पोहोचलो नाही.

ती गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या अजून आपल्या घरांत आहेत. त्यांच्याजवळ बसून ती उतरवून घ्यावीत, त्यांतले टाकाऊ निर्भयपणे टाकावे आणि उरलेल्यातून आजच्या मोहल्ल्याचे, तलाक झालेल्या बाईचे, बेकार पोराचे गाणे रचावे. अमर शेख यांची जयंती साजरी करण्यापेक्षा हे काम अवघड आहे. आमच्या साहित्य चळवळीने आता तेच हाती घेतले पाहिजे.