नव्याण्णव 'री'चा किनारा नेमका किती लांब?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका ड्राफ्टमध्ये मी लिहिलं होतं: 'कुजूकुरी-हामा म्हणजे नव्याण्णव री लांबीचा किनारा, अर्थात सुमारे ३९० किलोमीटर.' गाइडनी समासात एवढंच लिहिलं, 'नकाशा पाहिलास का?' पाहिला नव्हता. टोकियोच्या पूर्वेला, चिबा प्रांतात असलेला हा वाळूचा किनारा साठ-पासष्ट किलोमीटरचा आहे.

मग मी दुसरी चूक केली. 'जपानी अतिशयोक्ती' असा शेरा मारून मोकळा झालो. पहिल्या चुकीपेक्षा ही मोठी, कारण इथे मी शोधच थांबवला. तुम्ही प्रपोजल लिहिताना हेच टाळावं म्हणून हा लेख.

नावाची फोड सोपी आहे. 'कुजूकु' म्हणजे नव्याण्णव, 'री' हे अंतराचं माप, 'हामा' म्हणजे किनारा. गोम आहे ती 'री'मध्ये. १८९१च्या कायद्याने जपानने एक री म्हणजे ३६ चो, सुमारे ३.९२७ किलोमीटर, असं ठरवलं. मी हाच आकडा घेतला. पण पूर्वेकडच्या प्रांतांत त्याआधी सहा चोंचीही री चालायची. तिला बान्दो-री म्हणतात. एक चो सुमारे १०९ मीटर, म्हणजे ही छोटी री साधारण ६५४ मीटर. आता नव्याण्णवने गुणा: जवळपास ६५ किलोमीटर! दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. इथे कोसच बदलला होता.

लोककथाही हेच सांगते. कामाकुरा शोगुनशाहीचा संस्थापक मिनामोतो नो योरितोमो याने म्हणे दर सहा चोंवर एक बाण रोवायला लावला आणि नव्याण्णव बाण लागले. कथा छान आहे, पण ती पुरावा म्हणून वापरू नका. नाव आधी आणि कथा मागाहून, असंही होतं. छोटी री मात्र कथेबाहेरही वापरात होती, म्हणून तिला वजन आहे.

आता उलट बाजू बघा. नागासाकी प्रांतात सासेबो ते हिरादोच्या दरम्यान 'कुजूकुशिमा' आहे, म्हणजे 'नव्याण्णव बेटं'. मोजली तर २०८! तिथे नव्याण्णव म्हणजे नुसतं 'पुष्कळ'. मग कुजूकुरीत कुठला अर्थ? मला मापाचा अर्थ जास्त पटतो. पण हिशोब जुळणं हा एक पुरावा झाला, निकाल नव्हे.

इंग्रजीत हीच शंका पुसली जाते. 'नाइंटी-नाइन लीग बीच' हे भाषांतर वाचायला भारदस्त, पण लीग साधारण तीन मैलांची. म्हणजे किनारा पावणेपाचशे किलोमीटरच्या वर गेला. भाषांतरकाराने शब्द बदलला आणि मापही बदललं. त्यापेक्षा 'कुजूकुरी बीच' प्रामाणिक: मूळ नाव तसंच ठेवून फक्त 'हामा'चं भाषांतर. 'कुजूकुरीहामा बीच' म्हणजे 'किनारा किनारा', म्हणून आपण हसतो. पण जरा थांबा. नद्यांच्या बाबतीत जपानचे सरकारी नियमही 'अराकावा रिव्हर' असं रूप मान्य करतात, आणि 'कावा' म्हणजे नदीच. परक्या माणसाला स्थानिकांशी बोलताना पूर्ण नाव उपयोगी पडतं. तेव्हा प्रत्येक द्विरुक्ती ही चूक नसते.

तुमच्यासाठी यातून कामाच्या तीन गोष्टी. संदर्भ शोधताना नावाची सगळी रूपं टाकून बघा, नाहीतर निम्मे लेख हातचे जातील. थिसिसमध्ये एकच रूप वापरा आणि का निवडलं ते पहिल्या फूटनोटमध्ये सांगा. आणि जुनं माप किलोमीटरमध्ये बदलण्याआधी विचारा: कुठलं, कधीचं?

जाता जाता एक गंमत. जपानभर मोजणी करून नकाशे बनवणारे इनो तादाताका १७४५ साली याच किनाऱ्यावर जन्मले. त्यांची री ३६ चोंची होती. त्या री-ने नव्याण्णव छोट्या री भरतात फक्त साडेसोळा. किनाऱ्याचं नाव मात्र नव्याण्णवच राहिलं.