तृप्तीचे नव्हे, टंचाईचे संप्रेरक

लेप्टिनविषयी मराठीत लिहिताना ‘तृप्तीचे संप्रेरक’ हा शब्दप्रयोग ठरलेला असतो. पोट भरले की ते मेंदूला ‘पुरे’ सांगते आणि लठ्ठ माणूस ते ऐकत नाही, अशी ही मांडणी. माझा आक्षेप तिलाच आहे. ती ज्या उंदरांच्या आधारावर उभी आहे, ते उंदीर वेगळेच सांगतात.

अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत दोन जातींचे लठ्ठ उंदीर निपजले : ‘ओबी’ आणि ‘डीबी’. डग्लस कोलमन यांनी उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने जोडून त्यांचे रक्त एकमेकांत खेळवले. डीबीशी जोडलेला निरोगी उंदीर खाणे सोडून मेला. ओबीचीही तीच गत झाली. डीबी मात्र लठ्ठच राहिला. म्हणजे ओबीत निरोप तयारच होत नाही. डीबीत तो उदंड आहे, पण मेंदूत तो घेणारा ग्राही बिघडलेला आहे. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ओबीचे जनुक शोधले आणि ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून संप्रेरकाला लेप्टिन हे नाव मिळाले. गैरसमजाला खतपाणी मिळाले ते या नावापासून.

ओबीला निरोगी उंदराइतकेच अन्न मोजून दिले, तरी तो जास्त चरबी साठवतो. मग प्रश्न केवळ भुकेचा कसा? हायपोथॅलॅमसमधील ग्राहींना लेप्टिन मिळाले, की अनुकंपी चेतातंतूंमार्फत चरबीच्या पेशींना साठा मोकळा करण्याचा हुकूम जातो. लेप्टिन नसेल, तर मेंदू दुष्काळ पडला असे धरून चालतो. ओबीचे अंग गार पडते, वीण थांबते, चरबी राखली जाते. निरोगी उंदीर उपाशी राहिला की त्याचेही लेप्टिन घटते. ते बाहेरून दिले, तर उपासात मंदावणारी थायरॉइड व प्रजनन संप्रेरके बरीच सावरतात. हा निरोप मुळात टंचाईचा आहे.

माणसांतही हेच दिसले. जन्मतः लेप्टिन नसलेल्या मोजक्या मुलांना ते दिल्यावर त्यांचे वजन झपाट्याने उतरले. इतर बहुसंख्य लठ्ठांच्या रक्तात ते आधीच भरपूर असते. त्यांना टोचून फारसे साधले नाही.

उंदरांवरून प्रत्येक लठ्ठ माणसाचे निदान करता येत नाही, हे खरेच. पण आपल्या भाषेत जाड मुलासाठी दोनच शब्द तयार असतात : ‘खादाड’ किंवा ‘खात्यापित्या घरचा’. विज्ञानलेखकाने तिसरी शक्यता दाखवायला हवी. भरल्या घरातही एखादा मेंदू दुष्काळात जगत असू शकतो. ‘तृप्तीचे संप्रेरक’ म्हणत आपण पहिल्याच शब्दाला शास्त्राचा शिक्का देतो.