चित्राच्या कोपऱ्यातली चौकट: 'हॉर्टस मलबारिकस' कसं बघायचं?

तळवड्यात मी राहते त्या गल्लीत दोन वर्कशॉप आहेत. जॉबचं ड्रॉइंग आलं की तिथला ऑपरेटर आधी खालच्या कोपऱ्यातली चौकट बघतो. कुणी काढलं, कुणी तपासलं, स्केल काय, रिव्हिजन कितवी. आता स्वतःला विचारा, पेपरमधली आकृती तुम्ही इतक्या काळजीने वाचता का?

आज एका जुन्या ग्रंथाची चित्रं या नजरेने बघू. 'हॉर्टस मलबारिकस' म्हणजे मलबारच्या वनस्पतींवरचे बारा खंड. कोचीतल्या डच कंपनीचा अधिकारी हेंड्रिक व्हान र्‍हेडे याने ते तयार करवून घेतले आणि १६७८ ते १६९३ या काळात ते अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले. सातशेहून जास्त वनस्पती, बहुतेकींचं मोठं ताम्रपट चित्र. एकाच फांदीवर कळी, फूल, फळ आणि शेजारी कापलेलं फळ. लोक म्हणतात, 'अगदी हुबेहूब!' माझा आक्षेप इथेच आहे. कळीपासून पिकल्या फळापर्यंत सगळं एका दिवशी एका फांदीवर क्वचितच दिसतं. म्हणजे हे चित्र फोटोसारखं नाही. अनेक निरीक्षणं जुळवून काढलेला तो निष्कर्ष आहे, आणि म्हणूनच ते उपयोगी आहे.

मग निष्कर्ष कुणाचा? पहिल्या खंडाचं मुखचित्र बघा. मध्यभागी वनस्पतिविद्येची देवतेसारखी स्त्री बसलीय आणि गुडघे टेकलेल्या आकृती तिला कुंड्या अर्पण करतायत. ज्ञान तिचं, यांचं काम फक्त आणून देणं, असं ते चित्र सांगतं.

आता पानं उलटा. त्याच खंडात इट्टी अच्युतन या वैद्यांची साक्ष छापलीय. त्यांनी आपल्या घराण्यातल्या पोथीच्या आधारे माहिती सांगितली. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोकणी वैद्यांची १६७५ ची साक्षही आहे, कोकणीत आणि नागरी लिपीत. अनेक चित्रांवर वनस्पतीचं नाव रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत कोरलंय. मुखचित्राने जे झाकलं ते आतल्या चित्रांनी उघड केलं. कोपऱ्यातली चौकट थोडी तरी भरलेली आहे.

थोडीच, हेही लक्षात ठेवा. या साक्षी केवळ कृतज्ञतेपोटी छापल्या असं मला वाटत नाही. युरोपातल्या वाचकाला 'माहिती खरी आहे' हे पटवायला त्या हव्याच होत्या. आणि रानातून फांद्या तोडून आणणाऱ्या बहुतेकांची नावं कुठेच नाहीत.

'इतिहासाचं आम्हाला काय?' असं म्हणू नका. लिनियसने १७५३ च्या 'स्पीसीज प्लांटारम'मध्ये या चित्रांचा वारंवार आधार घेतला. काही नावांसाठी वाळवलेला नमुना नाही, चित्रच टाइप मानलं जातं. अशा वेळी 'ही तीच जात का?' या प्रश्नाचं उत्तर शेवटी त्या रेषांत आणि शेजारच्या स्थानिक नावात शोधावं लागतं. नाव सांगणारा माणूस पुसला, तर पुरावाच कमी होतो.

हे लिहिताना मी माझं तिसरं प्रकरण उघडलं. इंद्रायणीकाठच्या गवतांच्या अकरा फोटोंखाली माझं नाव, तारीख, स्केल बार. त्यातली सात गवतं मला ओळखून दिली ती गुरं चारणाऱ्या एका मावशींनी. त्या कुठेच नाहीत, आभारातसुद्धा नाहीत. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा कंपनीचा अधिकारी या बाबतीत माझ्यापेक्षा बरा निघाला.

या रविवारी मावशींकडे जाणार आहे. आधी परवानगी विचारायची, मग कॅप्शन बदलायची. तुम्हीही तुमची शेवटची आकृती उघडा आणि कोपऱ्यातली चौकट भरून बघा. कोण राहिलं?