दिनक्रम आणि निर्मिती : अँथनी ट्रॉलपच्या लेखनपद्धतीचा पुनर्विचार

कादंबरीकाराने आपल्या लेखनपद्धतीविषयी स्वतः दिलेली माहिती समीक्षकाने पुरावा म्हणून कितपत स्वीकारावी, हा प्रश्न वरवर पाहता गौण वाटतो. परंतु एखाद्या लेखकाची वाङ्मयीन प्रतिष्ठाच अशा माहितीमुळे धोक्यात येते, तेव्हा त्या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप (१८१५–१८८२) याचे उदाहरण या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे.

ट्रॉलपने १८७५-७६ मध्ये लिहिलेले आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. टपाल खात्यात तेहेतीस वर्षे नोकरी करीत असतानाच तो कादंबरीलेखन करी. सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहून होण्याचे रहस्य म्हणून त्याने आपला दिनक्रम तेथे उघड केला आहे. वॉल्थम क्रॉस येथे राहत असताना पहाटे साडेपाच वाजता तो लिहावयास बसे. वेळेवर उठवून कॉफी आणून देण्याबद्दल घरच्या वृद्ध मोतद्दाराला तो वर्षाला पाच पौंड अधिक देत असे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात जाई. नंतर घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांस २५० शब्द या प्रमाणाने लेखन चाले. नवी कादंबरी हाती घेतली की आठवड्यांचे रकाने आखलेल्या वहीत रोजच्या पृष्ठांची नोंद होई, आणि रिकामा राहिलेला रकाना त्याला आळसाची जाणीव करून देई. साधारणतः आठवड्यास ४० पृष्ठे, एका पृष्ठास २५० शब्द, असा हिशेब होता. आगगाडीच्या प्रवासातही तो मांडीवर पाटी ठेवून पेन्सिलीने लिही, व त्याची पत्नी पुढे त्याची शाईने नक्कल करी. या सगळ्यावर कळस म्हणून लेखनापासून झालेल्या प्राप्तीचा पौंड-शिलिंग-पेन्सपर्यंतचा तक्ताही त्याने दिला, आणि लेखकाच्या कामाची तुलना चांभाराच्या कामाशी केली.

ट्रॉलपच्या कीर्तीला ओहोटी काही अंशी आधीच लागली होती. तथापि या कबुलीने तिला एक सोयीस्कर कारण मिळवून दिले. ज्या १८५७ साली ‘बार्चेस्टर टॉवर्स’ ही ट्रॉलपची कादंबरी निघाली, त्याच साली फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. फ्लोबेरने एका कादंबरीसाठी सुमारे साडेचार वर्षे झिजवली. ट्रॉलपने आपल्या कादंबरीचा मोठा भाग रेल्वेच्या डब्यात लिहिला. मंद लेखन म्हणजे कला आणि शीघ्र लेखन म्हणजे कारागिरी, हे समीकरण अशा तुलनेतून सहज रूढ होते. ते समीकरण तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम वेगाचाच विचार करू. पंधरा मिनिटांस २५० शब्द म्हणजे मिनिटास सुमारे सतरा शब्द. इंग्रजीत सामान्य संभाषणाचा वेग मिनिटास शंभर शब्दांहून बराच अधिक असतो. म्हणजे ट्रॉलपचा तथाकथित यांत्रिक वेग बोलण्याच्या वेगाच्या अल्पांशानेच होता. त्यात असाधारण काही असेल, तर ते त्याचे सातत्य होय. अडीच तासपर्यंत लेखणी न थांबता चालू राहावयाची, तर काय म्हणावयाचे याची निवड लेखणी उचलण्यापूर्वीच बव्हंशी झालेली असली पाहिजे. घड्याळाने मोजले ते निवडलेल्याचे कागदावर उतरणे. ती निवड कोठे आणि कशी झाली, हे घड्याळाला सांगता येत नाही.

याचे उत्तर त्याच आत्मचरित्रात आहे, पण ते क्वचितच उद्धृत केले जाते. बालपणी एकाकी असताना मनोराज्यातील एकच कथा आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने चालवीत राहण्याची आपली सवय ट्रॉलपने वर्णिली आहे, व तिच्याशी आपल्या कादंबरीलेखनाचा संबंध स्पष्टपणे जोडला आहे. कादंबरीचा शेवट काय होणार हे आरंभी आपणास ठाऊक नसते, असेही तो सांगतो. म्हणजे पूर्वसिद्ध असे ते कथानक नव्हे, तर पात्रे. त्यांच्याशी अहर्निश सहवास हवा, त्यांचा आवाज ओळखीचा हवा, हा त्याचा आग्रह होता. अत्यंत वेगाने झालेले आपले लेखनच सर्वोत्तम ठरले, असे तो म्हणतो तेही याच संदर्भात. डोंगराळ, निवांत ठिकाणी पात्रांखेरीज दुसरा व्यवधानाचा विषय नसताना, रानातून एकटा भटकत त्यांच्या दुःखाने रडत असताना हे लेखन झाले. वेग हा येथे तन्मयतेचा परिणाम आहे.

भाषेच्या अंगाने पाहिल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. संवादांविषयी ट्रॉलपची मते नेमकी आहेत. सामान्य माणसांचे बोलणे आखूड वाक्यांत चालते आणि ती वाक्ये पुष्कळदा अर्धवटच राहतात, हे त्याने हेरले होते. व्याकरणशुद्ध पुस्तकी बोली आणि बोलण्यातील प्रत्यक्ष शैथिल्य यांच्या मधला मार्ग कादंबरीकाराने शोधावा, असे त्याचे म्हणणे आहे. हा मार्ग सापडतो तो कानाने, आणि कान तयार होतो तो पात्रांचे बोलणे मनात ऐकत राहिल्याने. त्याच्या निवेदकाची वाचकाशी गप्पा मारण्याची ढबही याच्याशी जुळते. ‘बार्चेस्टर टॉवर्स’मध्ये कथा ऐन रंगात आली असता निवेदक नायिकेचा विवाह कोणाकोणाशी होणार नाही, हे सांगून टाकतो व उत्कंठेचा आधार सोडून देतो. हेन्री जेम्सने १८८३ च्या आपल्या निबंधात अशा निवेदकावर कठोर टीका केली. कादंबरीच्या भ्रमाचा भंग होतो हा जेम्सचा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु तो आक्षेप संहितेवरचा आहे, दिनक्रमावरचा नाही, आणि म्हणूनच त्याला किंमत आहे.

आता लेखनानंतरच्या अवस्थेकडे वळू. आपण लिहिलेले हस्तलिखितात तीनदा व छपाईत एकदा वाचतो, एवढेच ट्रॉलप सांगतो. त्यावरून पुनर्लेखन त्याला नामंजूर होते असा ग्रह होतो. ‘द ड्यूक्स चिल्ड्रेन’ (१८८०) या कादंबरीचे येल विद्यापीठात जतन केलेले हस्तलिखित मात्र निराळी साक्ष देते. चार खंडांच्या बेताने १८७६ मध्ये लिहिलेली ही कादंबरी तीन खंडांत बसविण्यासाठी त्याने १८७८ मध्ये स्वतः सुमारे ६५,००० शब्द गाळले. तसे करताना ऐंशी प्रकरणांपैकी एकही सबंध वगळले नाही. शब्द, पदबंध, वाक्ये अशी काटछाट ओळीओळीने केली. गाळलेला मजकूर परत घालून सिद्ध केलेली संहिता २०१५ मध्ये प्रकाशित झाली, आणि दोन्ही पाठ शेजारी ठेवून तुलना करणे आता शक्य झाले आहे. ही काटछाट प्रकाशनाच्या व्यवहारातून उद्भवली हे खरे, आणि तिने कादंबरीचा लाभ झाला की हानी, हा वादाचा विषय होऊ शकेल. पण शब्दाशब्दाचे वजन जोखण्याची शक्ती या लेखकाजवळ होती, एवढे त्यावरून निर्विवाद सिद्ध होते.

आपल्या परंपरेत या प्रश्नाची मांडणी फार पूर्वी झालेली आहे. महाराष्ट्राशी कुलसंबंध सांगणाऱ्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’च्या दहाव्या अध्यायात कवीच्या दिवसाचे चार प्रहर पाडले आहेत. पहिला विद्यांच्या अनुशीलनाचा, दुसरा रचनेचा, तिसरा काव्यगोष्ठीचा आणि चौथा सकाळच्या रचनेच्या परीक्षणाचा. रचनेच्या आवेशात विवेकदृष्टी राहत नाही, म्हणून अधिक असेल ते टाकावे, उणे असेल ते भरावे, स्थान चुकले असेल ते बदलावे, असे तो सांगतो. राजशेखराचे विवेचन आदर्शाचे आहे आणि ट्रॉलपचे प्रत्यक्षाचे, हा भेद विसरता कामा नये. तथापि या चौकटीत ठेवले असता ट्रॉलपच्या कबुलीतील न्यून तत्काळ दिसते. त्याने मोजून दाखविला तो केवळ दुसरा प्रहर. समीक्षकांनी तोच संपूर्ण दिवस मानला.

यात ट्रॉलपही निर्दोष नाही. स्फूर्तीची वाट पाहत बसणाऱ्यांची थट्टा करण्याच्या भरात त्याने मोजता येणाऱ्या गोष्टींना अवास्तव महत्त्व दिले. लेखकाचे निवेदन खोटे नसते तेव्हाही ते अपुरे असू शकते. म्हणून अभ्यासकाने अशा प्रत्येक निवेदनाविषयी, ते प्रक्रियेच्या कोणत्या टप्प्यापुरते बोलते, हे आधी विचारावे, आणि उरलेल्या टप्प्यांसाठी हस्तलिखिते व मुद्रित पाठ यांकडे वळावे. ट्रॉलपच्या पृष्ठगणनेच्या वह्या ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. कोणत्या दिवशी किती पाने झाली हे त्या अचूक सांगतात. ती पाने कशी आहेत, हे पानेच वाचून ठरवावे लागते.