‘मोलकरीण’ या शब्दांतील मोल

‘मोलकरीण’ हा शब्द सभ्य घरांतून हद्दपार होत चालला आहे. कोल्हापुरांतील राजारामपुरींत किंवा ताराबाई पार्कांत सकाळीं धुणीं-भांडीं करावयास येणाऱ्या स्त्रीस आतां सुशिक्षित गृहिणी ‘मावशी’ म्हणतात, ‘ताई’ म्हणतात. हें सुसंस्कृतपणाचें लक्षण मानण्याकडे आमच्या वर्गाचा कल आहे. आमचें मत थोडें निराळें आहे. जुना शब्द हिणकस झाला तो आपल्या तोंडच्या तुच्छतेनें. शब्दाच्या पोटांत तुच्छता नव्हती, मोल होतें. काम करावें व त्याचें मोल घ्यावें, एवढाच व्यवहार तो सांगतो.

हा भेद करवीरनगरीस तरी समजावून सांगावा लागूं नये. १९२० सालीं राजर्षि शाहूमहाराजांनीं आपल्या संस्थानांतील वेठ बंद केली. वेठ म्हणजे मोलाविण काम. तेव्हां वेठीच्या माणसाहून मोलकरीण वेगळी ठरते ती या एका ‘मोल’ शब्दानेंच. तो काढून त्या जागीं नातें बसविलें, तर कामकरणीच्या पदरांत काय पडलें, याचा विचार व्हावयास हवा. मावशीनें चार घटका अधिक थांबलें तर हिशेब कोणी ठेवावा? आणि मावशीनें पगारवाढ मागितली, तर ती मावशी कसली!

आमच्या कलेनेंही हाच मार्ग धरला आहे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकांतील सिंधू लोकांचें दळण दळते, तेव्हां प्रेक्षकांचे डोळे भरून येतात. परंतु ते कुलीन स्त्रीवर ओढवलेल्या आपत्तीसाठीं. जिच्या घरांत दळण ही आपत्ति नसून रोजचा धंदा आहे, तिच्यासाठीं ते भरत नाहींत. १९६३ सालच्या ‘मोलकरीण’ या चित्रपटांत आमच्या जयप्रभा स्टुडिओंत घडलेल्या सुलोचनाबाईंची भूमिका आहे. तिथें राबणारी स्त्री खरी कोण? त्याच घरच्या कर्त्या मुलाची आई! म्हणजे मोलकरणीविषयीं करुणा उपजावयाची, तर आधीं ती मोलकरीण नाहीं असें सिद्ध व्हावें लागतें. करुणरसाची ही युक्ति प्रभावी आहे. न्यायाच्या दृष्टीनें ती लंगडी आहे.

बेबी हालदार यांचें ‘आलो आंधारि’ हें आत्मकथन २००२ सालीं हिंदींत प्रसिद्ध झालें. तेथें घरकाम करणारी स्त्री स्वतःच्या लेखणीनें बोलते, म्हणून त्याचें मोल मोठें. तिच्या हातीं वही-लेखणी देणारे गृहस्थ प्रबोधकुमार खरोखरच थोर मनाचे. पण त्यांनाही ती पितृवाचक ‘तातुश’ या नांवानेंच ओळखते. भला मालक लाभणें हें दैव झालें. जिला तो लाभला नाहीं तिनें काय करावें, या प्रश्नास वात्सल्याकडे उत्तर नाहीं.

उत्तर कायद्याकडे असावें अशी अपेक्षा. म्हणून ‘महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८’ हाही एक ग्रंथच समजून वाचावा. पहिला दोष नांवांतच आहे. ‘घरेलू’ हा शब्द हिंदींतून आणलेला. जिच्यासाठीं कायदा केला तिच्या तोंडीं तो नव्हता. दुसरा दोष अधिक खोल. ‘कल्याण’ हें दात्याचें क्रियापद आहे. अठरा ते साठ वर्षांपर्यंतच्या कामकरणीची नोंदणी व्हावी. अपघात, प्रसूति, औषधोपचार, मुलांचें शिक्षण यांसाठीं तिला साहाय्य मिळावें, हें सर्व त्यांत आहे व तें स्तुत्य आहे. मात्र पगार किती, तास किती, आठवड्याची सुट्टी कोणती, हें तो कायदा ठरवीत नाहीं. घरमालकाच्या उंबऱ्याशीं येऊन तो थांबतो. तो उंबरा २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानें एका बाबतींत ओलांडला: घर हेंही कामाचें ठिकाण ठरविलें, आणि तीन महिन्यांच्या आंत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करण्याची वाट खुली केली. पण ही वाट किती मावश्यांस ठाऊक आहे? आणि किती गृहिणींस?

जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें २०११ सालीं केलेल्या १८९ क्रमांकाच्या करारांत आम्हांस सर्वांत मार्मिक वाटतें तें हें, कीं कामाच्या अटी कामकरणीस सहज समजतील अशा रीतीनें सांगाव्या असें तो बजावतो. म्हणजे हक्काचा प्रश्न अखेर भाषेचाही आहे. भारतानें कराराच्या बाजूनें मत दिलें. २०२४ अखेरपर्यंत त्यास मान्यता मात्र दिली नव्हती.

समजेल अशी भाषा कोणती? पुण्याच्या कामकरणींनीं १९८० सालीं संप केला आणि ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’ उभी केली. त्यांना त्या शब्दाची लाज वाटली नाहीं. त्याच शब्दाच्या बळावर त्यांनीं पगारवाढ व रजा मागितली. याउलट आमच्या घरांतील दस्तऐवज पाहावा. तो बहुधा भिंतीवरील दिनदर्शिका हाच असतो. तींत बाईचे खाडे टिपलेले असतात. खाडा म्हणजे तिचा दोष. सुट्टी म्हणजे तिचा हक्क. त्या कागदावर खाडा आहे, सुट्टी नाहीं.

मोलाची भाषा आली कीं जिव्हाळा आटेल, अशी भीति कोणी घालतील. प्राध्यापकास दरमहा वेतन, रजा व निवृत्तिवेतन मिळतें म्हणून त्याचें विद्यार्थ्यांवरील प्रेम आटल्याचें कोणी म्हटलें नाहीं. दिवाळीचा फराळ व जुनें पातळ द्यावें, अवश्य द्यावें. पण तें मोल चुकतें केल्यानंतर. कामें कोणतीं, पगार किती व कोणत्या तारखेस, सुट्टीचे दिवस कोणते, आजारपणीं काय, या चार ओळी सोप्या मराठींत लिहून एक प्रत तिच्या हातीं द्यावी, तिला वाचतां येत नसल्यास वाचून दाखवावी. आमच्या वाचकांनीं पुष्कळ ग्रंथ वाचले आहेत. एवढा एक त्यांनीं लिहावा. मग तिला मावशी म्हणावयास कोणाचीच हरकत नाहीं.