आधी शेजारी बसावे

दुःखी माणसाशी कसे वागावे हे संतांनी आपल्याला शिकवले. तरी घरातले लेकरू हिरमुसले की ती शिकवण आपल्या ध्यानात राहत नाही. ‘रडू नको’, ‘हा घे मोबाईल’, ‘विठ्ठलाचे नाव घे, सगळे ठीक होईल’ असे म्हणून आपण मोकळे होतो. यातले शेवटचे वाक्य आपण वारकऱ्यांनी तपासून पाहायला हवे. नाम तारक आहे यात शंका नाही. पण लेकराला गप्प करण्यापुरते उच्चारलेले नाम त्याच्या लेखी चॉकलेटाच्या तुकड्याइतकेच ठरते.

या संदर्भात एक सचित्र बालपुस्तक आवर्जून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील लेखक-चित्रकार अर्नोल्ड लोबेल (१९३३–१९८७) यांचे ‘फ्रॉग अँड टोड आर फ्रेंड्स’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. त्यात दोन मित्रांच्या पाच छोट्या गोष्टी आहेत. मराठीत दोघांनाही बेडूकच म्हणायचे. एक हिरवा, उत्साही, तर दुसरा मातकट, लवकर खचणारा. पाचवी गोष्ट पत्राची आहे.

मातकट बेडूक ओट्यावर खिन्न बसला आहे. टपाल येण्याची ही वेळ त्याला नेहमी उदास करते, कारण त्याला आजवर कुणीच पत्र लिहिलेले नाही. हिरवा बेडूक हे ऐकतो आणि त्याच्या शेजारी बसून राहतो. दोघे मिळून दुःखी होतात. मग तो घरी जाऊन मित्राला पत्र लिहितो आणि ओळखीच्या गोगलगायीच्या हाती देतो. गोगलगाय म्हणते, लगेच पोहोचवते! इथे मुले खुदकन हसतात. पत्र पोहोचायला चार दिवस लागतात. दरम्यान न राहवून तो मित्राला सारे सांगून टाकतो. ‘तू माझा मित्र आहेस याचा मला आनंद आहे’, एवढाच त्या पत्राचा आशय. आता दोघे पुन्हा ओट्यावर बसून वाट पाहतात. ओटा तोच, वाट पाहणेही तेच. पण आता दोघे सुखात आहेत.

लोबेल यांनी क्रम चुकवला नाही, हे या गोष्टीचे मोठेपण. आधी शेजारी बसणे, मग उपाय. उपायही बाजारातून आणलेला नाही, तो स्वतःच्या हाताने केलेला आहे. एक उणीवही सांगायला हवी. आजच्या मुलांना टपालाची वाट पाहणे ठाऊक नाही, म्हणून वाचून दाखवणाऱ्याने थोडे समजावून द्यावे लागेल. गोष्ट मात्र साध्या मराठीत सहज सांगता येते.

हाच क्रम आपल्या परंपरेतही आहे. पैठणच्या वाळवंटात, तापलेल्या वाळूत रडणारे अंत्यजाचे पोर नाथमहाराजांनी कडेवर उचलून घेतले, ही कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली! नाथांनी आधी पोर उचलले, लोक काय म्हणतील याचा विचार केला नाही. कुणी विचारील, मग उपदेश करूच नये काय? अवश्य करावा. लोकनिंदेने व्यथित होऊन ज्ञानोबांनी ताटी लावून घेतली, तेव्हा मुक्ताईने उपदेशच केला. पण तो कुठून? बंद दाराशी उभे राहून. लांबून पाठवलेला शब्द आणि दाराशी येऊन बोललेला शब्द, यांत फार अंतर आहे.

आपल्या चिकलठाण्यात एमआयडीसीतील कामासाठी गावोगावची कुटुंबे येऊन राहिली आहेत. आईवडिलांचे काम बदलते, भाड्याची खोली बदलते, मुलाची शाळा बदलते आणि सवंगडी मागे राहतात. संध्याकाळी उंबऱ्यावर गप्प बसलेल्या अशा मुलाला कारण विचारले, तर त्याला ते सांगताही येत नाही. हरिपाठाला बसण्यापूर्वी घटकाभर त्याच्या शेजारी बसा. काही बोलला नाहीत तरी चालेल. मग टाळ त्याच्या हाती द्या. तेव्हा घेतलेले नाम त्याला गप्प करणार नाही, सोबत करील.

रामकृष्णहरी.