न झालेल्या घोषणेची बातमी

वृत्तपत्रातील विज्ञान-तंत्रज्ञानाची कात्रणे फळ्याशेजारी लावण्याची पद्धत अनेक शिक्षक आवर्जून पाळतात. पद्धत चांगलीच आहे. मात्र अशी महिनाभराची कात्रणे एकत्र ठेवून पाहिली, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्यांतील बऱ्याच बातम्या घडलेल्या गोष्टींच्या नसतातच. अमुक कंपनीचे प्रमुख पुढील आठवड्यात काय जाहीर करणार, तमुक उद्योगपतींच्या मनात काय आहे, कोणते यंत्र आता 'जग बदलून टाकणार', याविषयीचे ते तर्क असतात. व्याकरणाच्या शिक्षकांना भविष्यकाळाची उदाहरणे हवी असतील, तर याहून सोयीची जागा मिळणार नाही. या लेखनाकडे विज्ञानाचे वाचक म्हणून आपण कसे पाहावे, हा या लेखाचा विषय आहे.

सुरुवात एका जुन्या प्रकरणापासून करू या, कारण त्याचा निकाल पूर्णपणे लागलेला आहे.

जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेत एक बातमी फुटली. डीन कामेन हे नामवंत संशोधक-उद्योजक एका गुप्त यंत्रावर काम करीत होते आणि त्यावरील पुस्तकासाठी एका प्रकाशनसंस्थेने अडीच लाख डॉलर मोजले होते. यंत्र काय आहे, हे प्रकाशकालाही सांगितलेले नव्हते! त्याचे सांकेतिक नाव होते 'जिंजर'. ते पाहिलेल्या बड्या मंडळींची मते मात्र बाहेर आली. अॅपलचे स्टीव्ह जॉब्ज यांच्या मते पुरेशा लोकांनी हे यंत्र पाहिले, तर शहरे त्याच्याभोवती आपोआप रचली जाणार होती. अॅमेझॉनचे जेफ बेझोस यांना ते क्रांतिकारक वाटले होते. गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी ते इंटरनेटहूनही मोठे ठरू शकेल असे सुचवले.

मग काय, अकरा महिने तर्कांना ऊत आला. कोणी म्हणाले हवेत तरंगणारे वाहन आहे, कोणी म्हणाले हायड्रोजनवर चालणारे इंजिन. गुरुत्वाकर्षणाला रद्द करणारे यंत्र असावे, इथपर्यंत काहींची मजल गेली. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शाळेत शिकलेली माणसेही यात होती.

३ डिसेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रायंट पार्कमध्ये पडदा उघडला. समोर होती 'सेगवे', म्हणजे शेजारी शेजारी दोन चाके असलेली, उभे राहून चालवायची विजेची गाडी. वजन सुमारे ३६ किलो, वेग ताशी सुमारे २० किलोमीटर, किंमत सुमारे ५००० डॉलर. त्या वेळच्या दराने दोन लाख चाळीस हजार रुपयांच्या आसपास.

यंत्र वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवे. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला तर ते आवडावे असेच होते. तळहातावर छडी उभी धरण्याचा खेळ आपण सर्वांनी खेळला आहे. छडी पुढे कलली की आपण हात पुढे नेतो, म्हणजेच आधार पुन्हा गुरुत्वमध्याखाली आणतो. सेगवे हेच करते. स्वार पुढे झुकला की जायरोस्कोप आणि कल मोजणारे संवेदक ते टिपतात, मोटार चाके पुढे फिरवते आणि आधार स्वाराच्या गुरुत्वमध्याखाली येतो. हे मोजमाप सेकंदाला सुमारे शंभर वेळा होते. झुकणे हाच गाडीचा वेगनियंत्रक. उलट्या लंबकाचे इतके सुंदर उपयोजन त्याआधी सामान्य माणसाच्या पायाखाली आलेले नव्हते.

पण शहरांची रचना काही बदलली नाही. पदपथावर चालणाऱ्यांना तिचा अडथळा वाटे. सॅन फ्रान्सिस्को शहराने तर पदपथांवर तिला बंदीच केली. रस्त्यावर मोटारींच्या मानाने ती हळू, जिन्यावरून उचलून न्यायला जड, आणि सायकल तिच्या कितीतरी पट स्वस्त. पहिल्या वर्षाच्या अखेरीस आठवड्याला १०००० गाड्या बनवाव्या लागतील, असा कामेन यांचा आशावादी अंदाज होता. जुलै २०२० मध्ये उत्पादन थांबले, तोवर साधारण १९ वर्षांत सुमारे १४०००० गाड्या विकल्या गेल्या होत्या. भागाकार करून पाहावा: अंदाजाच्या गतीने हे काम १४ आठवड्यांचे होते. गाडी टिकली ती पर्यटकांच्या सहलींत, विमानतळांवर आणि पोलिसांच्या गस्तीत. आपल्या मुंबई पोलिसांनीही २०२० मध्ये मरीन ड्राइव्हवर गस्तीसाठी अशाच, स्वतः तोल सांभाळणाऱ्या गाड्या आणल्या होत्या.

मला या प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. 'जिंजर' काय आहे, याचे उत्तर सर्वांसमोर होते. कामेन यांनी त्याआधीच 'आयबॉट' ही चाकांची खुर्ची दाखवली होती. ती जिने चढत असे आणि दोन चाकांवर उभी राहून तोल सांभाळत असे. तिचे सांकेतिक नाव होते 'फ्रेड', प्रसिद्ध नर्तक फ्रेड अॅस्टेअर यांच्यावरून. आणि पडद्यावर फ्रेड अॅस्टेअर यांच्याबरोबर नाचणाऱ्या जोडीदार कोण? जिंजर रॉजर्स! नावातच सांगितले होते की हे त्या खुर्चीचे भावंड आहे. शिवाय कामेन यांची पेटंटची कागदपत्रे प्रसिद्ध झालेली होती आणि त्यांवरून काहींनी बरोबर उत्तर काढलेही होते. ते कोणाला नको होते, कारण ते लहान होते. दोन चाकांची गाडी? एवढ्यासाठी इतका गाजावाजा होईल कशाला? अशा रीतीने गाजावाजा हाच पुरावा झाला, आणि खरा पुरावा बाजूला पडला.

येथे एक अपवाद नोंदवणे न्यायाचे होईल. अॅपल कंपनी फोन काढणार, ही वदंता कित्येक वर्षे चालू होती. ९ जानेवारी २००७ रोजी आयफोन जाहीर झाला, तेव्हा तर्क करणाऱ्यांच्या कल्पनेपेक्षा तो पुष्कळ सरस निघाला. म्हणजे प्रत्येक ढोल पोकळच असतो असे नाही. परंतु आधीच्या आवाजावरून सेगवे कोणती आणि आयफोन कोणता, हे ओळखता आले नसते. किंबहुना सेगवेचा आवाज मोठा होता.

गेल्या काही वर्षांत या प्रकाराला नवे वळण लागले आहे. पूर्वी प्रमुख मौन पाळत आणि लोक तर्क करीत. आता प्रमुख स्वतःच भविष्य सांगतात आणि वर्तमानपत्रे ते बातमी म्हणून छापतात. टेस्ला कंपनीचे इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये सांगितले, की २०१७ संपण्यापूर्वी त्यांची मोटार लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला आपली आपण जाईल. ती गेली नाही. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी सांगितले, की पुढील वर्षी चालकाविना चालू शकणाऱ्या त्यांच्या दहा लाखांहून अधिक टॅक्सी रस्त्यावर असतील. जून २०२५ मध्ये ऑस्टिन शहरात सेवा सुरू झाली ती मोजक्या मोटारींची, आणि तीही शेजारच्या आसनावर कंपनीचा माणूस बसवून. तंत्रज्ञान पुढे सरकले आहे, यात शंका नाही. पण प्रत्येक नव्या तारखेच्या बातमीत जुन्या तारखेचा उल्लेख किती वेळा होता? माझा आक्षेप मस्क यांच्यापेक्षा ती बातमी लिहिणाऱ्यांवर अधिक आहे.

अशा विधानांचे वजन किती असते, हे जानेवारी २०२५ मध्ये दिसले. एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांना क्वांटम संगणकांविषयी विचारले गेले. खरोखर उपयुक्त क्वांटम संगणकाला १५ वर्षे म्हणजे लवकर, ३० म्हणजे उशिरा, २० म्हटले तर बरेच जण मान्य करतील, अशा अर्थाचे ते बोलले. दुसऱ्या दिवशी क्वांटम संगणक बनवणाऱ्या काही कंपन्यांच्या शेअरचे भाव सुमारे ४० टक्क्यांनी कोसळले. मार्चमध्ये हुआंग यांनी त्याच कंपन्यांच्या प्रमुखांना व्यासपीठावर बोलावून आपले चुकले असावे, अशी हसत हसत कबुली दिली. या कंपन्या शेअर बाजारात आहेत हे आपल्याला ठाऊकच नव्हते, असेही ते म्हणाले. जूनमध्ये पॅरिसला ते म्हणाले, की क्वांटम संगणन आता निर्णायक वळणावर आले आहे. या पाच महिन्यांत प्रयोगशाळांत असे काय घडले, की अंदाज इतका बदलावा?

त्याच काळातील एक खरी घटना मात्र बातम्यांत अर्धवटच पोचली. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने १०५ क्युबिटची 'विलो' ही चिप जाहीर केली. मथळे असे होते: महासंगणकाला जे करायला १ वर २५ शून्ये इतकी वर्षे लागतील, ते हिने पाच मिनिटांच्या आत केले. विश्वाचे वयही त्यापुढे नगण्य. पण हे गणित मुद्दाम अशा तुलनेसाठीच निवडलेले असते. त्याच्या उत्तराचा व्यवहारात उपयोग नाही. 'नेचर'मधील शोधनिबंधात जे होते ते निराळे आणि माझ्या मते अधिक मोलाचे होते. क्युबिट अतिशय नाजूक असतात, त्यांत सतत चुका होतात. त्या सुधारण्यासाठी अनेक क्युबिट मिळून एकच माहिती सांभाळायची, अशी युक्ती आहे. मात्र क्युबिट वाढवले की चुका होण्याच्या जागाही वाढतात. निबंधात दाखवले होते, की ३ गुणिले ३ ची जाळी ५ गुणिले ५ आणि मग ७ गुणिले ७ केली, तर प्रत्येक पायरीला चुकांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. जवळजवळ तीस वर्षे ज्याची वाट पाहिली, ते हे. 'जिंजर'च्या पेटंटसारखेच हेही कागदावर उघड होते, आणि रुक्ष असल्यामुळे मागे पडले.

आम्हां संशोधकांनी या बाबतीत फार सोवळे राहण्याचे कारण नाही. निधीसाठी अर्ज लिहिताना 'पाच वर्षांत' हे शब्द आमच्याही लेखणीतून सहज उतरतात. फरक इतकाच, की आमच्या अर्जांवरून कोणाच्या मुलाची शाखा ठरत नाही.

आणि येथे हा विषय करमणुकीचा राहत नाही. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन यांनी म्हटले, की क्ष-किरणचित्रे वाचणारे डॉक्टर तयार करणे आताच थांबवावे; पाच वर्षांत यंत्रे त्यांच्याहून सरस होतील. हिंटन मोठे वैज्ञानिक आहेत, २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. त्यांची पाच वर्षे २०२१ मध्ये संपली. यंत्रे त्या कामात मदतीला आली, पण डॉक्टरांची गरज संपली नाही. अमेरिकेत उलट त्यांची टंचाई जाणवत राहिली. समजा, ते विधान प्रमाण मानून एखाद्या हुशार विद्यार्थिनीने ती शाखा सोडली असेल, तर तिचे नुकसान कोणत्या ताळेबंदात दिसणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये दुबईत हुआंग यांनी असे मत मांडले, की मुलांनी संगणकाची आज्ञावली लिहायला शिकण्याची आता गरज उरणार नाही. वर्षभरातच क्वांटम संगणकांविषयीचे मत पाच महिन्यांत बदलणारे ते हेच गृहस्थ! 'सर, मग मी संगणकशास्त्र घेऊ की नको?' हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला हे माहीत असायला हवे.

भाकितांची परीक्षा कशी घ्यावी, याचा एक नमुना आपल्याच घरात आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या दिल्या आणि कोणती कोणाची, हे ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवले असते तर ५०च्या आसपास आले असते. या प्रयोगाचे मर्म आकड्यापेक्षा पद्धतीत आहे. प्रश्न आधी ठरला, उत्तर आधी लिहून घेतले आणि चुकलेली उत्तरेही मोजली. कंपन्यांच्या प्रमुखांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी कोणी करीत नाही.

वर्गात त्या करता येतील. एक जाड वही घ्यावी. डावीकडे विधान, कोणी केले आणि केव्हा केले ते लिहावे. मध्ये, ते खरे ठरले असे केव्हा आणि कशावरून म्हणायचे, हे मुलांनीच ठरवावे. हा रकाना सर्वांत अवघड जाईल, कारण 'जग बदलेल' हे विधान त्यात बसतच नाही. अशी विधाने 'तपासता येत नाहीत' असा शेरा मारून तिथेच सोडून द्यावीत. चौथा छोटा रकाना, बोलणाऱ्याला त्या विधानातून काय विकायचे आहे, यासाठी ठेवावा. उजवीकडची जागा निकालासाठी कोरी. २०१६ आणि २०१९ ची वरील विधाने सुरुवातीलाच निकालासह लिहून टाकावीत, म्हणजे नमुना होईल. हुआंग यांच्या पहिल्या विधानाचा निकाल २०४० ते २०५५ या काळात लागेल, म्हणून ही वही वर्गात न ठेवता शाळेच्या ग्रंथालयात दाखल क्रमांक देऊन ठेवावी लागेल.